वड्याचं तेल वांग्यावर : घरातली मांजरं अचानक का भांडतात?



तिसरीला परिसर अभ्यासात प्राण्यांचा भाग सुरू झाला की मुलं पुस्तक मिटवतात आणि थेट घरच्या जनावरांवर येतात, हा अनुभव तुम्हा सगळ्यांचा असणार. आमच्या बजाजनगरात गाय-म्हैस फारशी दिसत नाही. वाळूज एमआयडीसीत कामासाठी आलेल्या कुटुंबांची ही वसाहत. बैल, शेळ्या गावाकडे राहिल्या. इथल्या दोन खोल्यांत मावतं ते मांजर. म्हणून वर्गात मांजरांचे किस्से भरपूर निघतात. यंदा एका मुलीनं सांगितलेला किस्सा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

तिच्या घरी मनी आणि चिंगी अशा दोन भाट्या आहेत. (मादी मांजराला भाटी म्हणतात, हे वर्गात फक्त दोघांना माहीत होतं. बोका सगळ्यांना माहीत.) एकाच वेताच्या बहिणी, वय तीन वर्षं. एका टोपल्यात झोपायच्या, एकमेकींचे कान चाटायच्या. एका रात्रीनंतर काय झालं कळेना, चिंगी समोर आली की मनी फिस्कारून तिच्या अंगावर धावायला लागली. चिंगी कपाटावर चढून बसली ती खाली उतरेना. मुलीच्या मनगटावर ओरखडे होते, कारण ती सोडवायला मधे गेली होती. आणि घरात बोलणं चाललं होतं, की दोघींपैकी एकीला पिशवीत घालून लांब सोडून यायचं.

मुलांशी, पालकांशी बोलल्यावर लक्षात येतं की असं ठरवणारी घरं थोडी नाहीत. "एकदम बिघडली", "डोकं फिरलं तिचं" असं म्हणतात आणि मांजर जातं. खरं तर अशा बहुतेक भांडणांत मार खाणाऱ्या मांजरानं काहीच केलेलं नसतं आणि मारणारं मांजरही बिघडलेलं नसतं. आपल्याकडे म्हण आहे ना, वड्याचं तेल वांग्यावर. अगदी तेच घडलेलं असतं. दोघांना वेळेवर वेगळं केलं आणि घाई केली नाही, तर बहुतेक मांजरं पुन्हा एकत्र नांदतात.

राग बोक्याचा, मार बहिणीला

मांजर खिडकीत बसलंय असं समजा. समोरच्या भिंतीवर अनोळखी बोका येऊन उभा राहतो. आपल्या मांजराचे कान ताठ होतात, बाहुल्या मोठ्या होतात, शेपूट फुगते. त्याला एकतर त्या बोक्यावर झेप घ्यायची असते, नाहीतर पळून जायचं असतं. मधे काच किंवा ग्रील आहे, त्यामुळे दोन्हीही जमत नाही. अंगात लढाईची सगळी तयारी झालेली, आणि लढायला समोर कुणी नाही. तेवढ्यात मागून बहीण येते, सवयीप्रमाणे अंग घासते. झालं! पंजा तिच्यावर पडतो.

पशुवैद्यक शास्त्रात याला वळवलेला राग अशा अर्थाचं नाव आहे. माणसाचंही होतंच की. कंपनीत सुपरवायझर बोलला, राग घरी येऊन पोरावर निघाला. फरक एवढाच, की माणूस तासाभरानं "चुकलं बाळा" म्हणू शकतो. मांजराला तसं काही करता येत नाही. घरमांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर, आणि ते एकट्यानं शिकार करून एकटं राहणारं जनावर. कुत्र्याचा पूर्वज लांडगा कळपात राहतो. भांडण झालं तरी कळप टिकवावा लागतो, म्हणून शेपूट खाली घालणं, लोळण घेणं, तोंड चाटणं अशी माघार घ्यायची भाषा त्याच्याकडे आहे. मांजराकडे ती फारच थोडी. त्याचा मिटवामिटवीचा मार्ग म्हणजे लांब राहणं. आपण माणसं मात्र दोघांना उचलून समोरासमोर बसवतो आणि "चला, बट्टी करा" म्हणतो. त्यानं आग वाढते.

इथून पुढचा भाग नीट समजून घ्या, कारण भांडण दिवसेंदिवस का चालतं याचं उत्तर त्यात आहे. मार खाल्लेली चिंगी आता मनीला घाबरते. सकाळी मनी शांत झालेली असली तरी चिंगी तिला पाहून फिस्कारते. ते फिस्कारणं ऐकून मनीला वाटतं, ही आपल्यावर येतेय. ती पुन्हा झेपावते. बोका केव्हाच निघून गेलेला असतो, पण दोघी एकमेकींना धोका समजायला लागलेल्या असतात. मांजराच्या अंगातली ही उसळी कधी तासाभरात ओसरते, कधी दोन-तीन दिवस टिकते. त्या काळात पुन्हा पुन्हा गाठ पडली की भीती पक्की होत जाते.

२००८ साली बार्सिलोनाच्या पशुवैद्यांनी अशी प्रकरणं तपासून निष्कर्ष छापले. प्रकरणं फार नव्हती, पण जवळपास सगळ्यांत सुरुवात दोनच गोष्टींनी झाली होती : अचानक झालेला मोठा आवाज, किंवा दुसऱ्या मांजराशी झालेला सामना. हे वाचलं तेव्हा मला आपली कॉलनीच आठवली. आपल्याकडे या दोन्हींचा तुटवडा कुठे आहे? माणसाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. मांजराचा कान ६०,०००च्याही पुढे जातो. उंदराची बारीक चिरचिर ऐकण्यासाठी बनलेला हा कान. त्या कानावर दिवाळीची लड, गणपतीचा डीजे, पत्र्यावर पडलेली वस्तू, रात्री शिफ्ट सुटल्यावर धाडकन लागणारं गेट पडतं. आषाढीला जवळच्या छोट्या पंढरपूरला गर्दी लोटते तेव्हा दिवसभर भोंगे चालू असतात. त्याच सुमारास घरातलं मांजर कोपऱ्यात का शिरतं, हे मुलांना विचारून पाहा.

त्या मुलीला मी सांगितलं, की भांडण सुरू झालं त्या रात्री काय काय घडलं ते आईबाबांना विचारून वहीत लिहून आण. तिनं आणलेलं पान फार बोलकं होतं. आधीच्या दोन रात्री एक पिवळा बोका समोरच्या कंपाउंडवर येऊन ओरडत होता. मनी तासन्‌तास खिडकीत बसायची, खाणं कमी झालं होतं. तिसऱ्या रात्री बाराच्या सुमारास बाबा सेकंड शिफ्टहून आले आणि ओट्यावरून स्टीलचा डबा खाली पडला. चिंगी त्या वेळी मनीच्या शेजारी होती. म्हणजे बोका तर होताच, वर डब्याचा आवाज. घरच्यांना यातलं काहीच जोडलं गेलं नव्हतं, कारण त्यांनी फक्त दोन मांजरींकडे पाहिलं. खिडकीकडे कुणी पाहिलंच नाही.

नाकानं ओळखायचं जनावर

दुसरं मोठं कारण वास. आपण माणसं चेहऱ्यानं ओळखतो. मांजर डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त विश्वास ठेवतं. त्याच्या गालावर, हनुवटीवर, कपाळावर, शेपटीच्या मुळाशी आणि पंजांच्या गाद्यांमध्ये वास सोडणाऱ्या ग्रंथी असतात. ते तुमच्या पायाला, दाराच्या चौकटीला, दुसऱ्या मांजराला अंग घासतं तेव्हा हा वास लावत असतं. एकत्र राहणाऱ्या मांजरांचा असा घासून-चाटून एक सामायिक वास तयार होतो. तो अंगावर आहे तोवर तू आमची.

टाळूतही वास ओळखणारा एक खास अवयव असतो. डेन्मार्कच्या लुडविग जेकबसन या शास्त्रज्ञाच्या नावानं तो ओळखला जातो. मांजर काहीतरी हुंगून तोंड अर्धवट उघडं ठेवतं, वरचा ओठ उचलतं आणि विचित्र चेहरा करतं, ते याचसाठी. मुलांना वाटतं त्याला घाण आली. ते वास चाखत असतं.

आता नसबंदीसाठी एक मांजर दवाखान्यात नेलं. संध्याकाळी परत आणलं तेव्हा त्याच्या अंगावर औषधांचा, स्पिरिटचा, दुसऱ्या जनावरांचा, घाबरलेपणाचा वास असतो. चालही भुलीमुळे डगमगती. घरातल्या मांजराला ते आपलं वाटतच नाही. ते फिस्कारतं, आणि आलेलं मांजर आधीच दुखावलेलं असल्यानं उलटतं. म्हणून दवाखान्यातून आलेल्या मांजराला पहिली रात्र तरी वेगळं ठेवावं. टोपलीत घरचं जुनं, न धुतलेलं फडकं घालून न्यावं. लस द्यायची असेल तर दोघांना एकाच दिवशी नेणं सगळ्यांत सोपं.

इथं आयांना एक विनंती. मांजरं भांडली, कुणी मुतलं, की आपण लगेच फिनाइलनं सगळं घर पुसून काढतो आणि मांजराला साबणानं आंघोळ घालतो. हेतू चांगला असतो, पण त्यानं उरलासुरला ओळखीचा वासही जातो. शिवाय फिनाइलसारखी द्रव्यं मांजराला विषारी ठरू शकतात. ती पंजाला लागतात आणि मांजर पंजे चाटतं. मुतलेली जागा साध्या साबणाच्या पाण्यानं धुतली तरी पुरे.

खेळ की भांडण?

मुलांना हे ओळखता आलं पाहिजे, कारण चावा बसतो तो बहुतेक वेळा लहान हाताला. खेळात मांजरं आळीपाळीनं वर-खाली होतात, कधी ही पळते कधी ती, नखं आत असतात, आवाज जवळजवळ नसतो. मधेच थांबून अंग चाटायला लागतात. खऱ्या भांडणात कान डोक्याला चिकटतात, अंगावरचे केस उभे राहतात, गुरगुरणं आणि लांब ओरडणं ऐकू येतं. पाठलाग एकाच दिशेनं होतो. मारणारी ठरलेली, पळणारी ठरलेली.

एक मुकं भांडणही असतं. त्यात आरडाओरडा नाही. एक मांजर दारात किंवा वाळूच्या ट्रेजवळ नुसतं टक लावून बसतं आणि दुसरं तिकडे जाऊच शकत नाही. मग ते गादीवर मुततं आणि मार आपला खातं.

दुखणं आणि वय

आधी शांत असलेलं मांजर हात लावू देत नाही, उडी मारताना कचरतं, खाणं सोडतं, तेव्हा भांडणाच्या मुळाशी दुखणं असू शकतं. किडलेला दात, कानातलं गळू, म्हातारपणी धरलेले सांधे. शेजारी नुसता धक्का लागला तरी ते चवताळतं. दहा वर्षांवरच्या मांजरात थायरॉइड वाढल्यानंही चिडचिड येते. बोका वारंवार वाळूत बसतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर एक दिवसही थांबू नका. मूत्रमार्ग तुंबला तर जीव जातो. घरातली तापाची गोळी मात्र कधीही देऊ नका. आपल्या नेहमीच्या पॅरासिटामॉलनं मांजर मरतं.

नसबंदी झालेली नसेल तर वयाच्या सहा महिन्यांच्या आसपास बोके आपसात लढू लागतात, आणि भाटी माजावर आली की गल्लीतले बोके घराभोवती फेऱ्या घालतात. म्हणजे पुन्हा खिडकीतला बोका. दोन-तीन वर्षांचं झाल्यावर पूर्ण मोठं झालेलं मांजर आपली जागा मागायला लागतं, त्यातूनही भावंडं दुरावतात. पण तो दुरावा हळूहळू वाढत जातो. एका रात्रीत झालेला नसतो.

रेबीजचा विचार आधी

अचानक आक्रमक झालेल्या मांजराबद्दल लिहिताना हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो असा समज पालकांत सर्रास आहे. मांजरालाही तो होतो आणि मांजराच्या चाव्यातून माणसालाही. मांजर बाहेर फिरणारं आहे, लस दिलेली नाही, आणि ते कारण नसताना माणसावर, वस्तूंवर, सगळ्यांवरच धावतंय, आवाज बदललाय, लाळ गळतेय, मागचे पाय लटपटतायत, तर ते वड्याचं तेल वांग्यावर नव्हे. त्याला हात न लावता खोलीचं दार बंद करा आणि पशुवैद्याला कळवा.

मुलाला चावा किंवा रक्त आलेला ओरखडा असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून १५ मिनिटं. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावायचं नाही, पट्टीही घट्ट बांधायची नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. रेबीजची लस तिथं मोफत मिळते. आपल्याकडून लांब वाटलं तरी घाटी आहेच. सरकारी दवाखान्यांत साधारणपणे पहिल्या दिवशी म्हणजे ० दिवसाला, मग ३, ७ आणि २८व्या दिवशी लस देतात. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं, तो निर्णय डॉक्टर घेतील. "घरचंच मांजर आहे" म्हणून थांबू नका. चावणाऱ्या मांजरावर १० दिवस लक्ष ठेवायला सांगतात ते यासाठी, की रेबीज असेल तर ते बहुधा तेवढ्यात मरतं. पण लस सुरू करायला ते १० दिवस वाट पाहायची नसते. शिवाय मांजराचा दात सुईसारखा बारीक आणि लांब. वरून नुसता ठिपका दिसतो आणि आत पू होतो.

मांजराला रेबीजची पहिली लस तीन महिन्यांचं झाल्यावर आणि नंतर पशुवैद्य सांगतील तशी, बहुधा दर वर्षी द्यावी लागते. मुलांनी घरी जाऊन "आपल्या मांजराला लस दिली का" एवढा एक प्रश्न विचारला तरी तो तास सत्कारणी लागला असं मी धरते.

भांडण लागलंय, आत्ता काय?

हात घालायचा नाही. उचलायचं नाही. नावानं ओरडायचं नाही, पाणी ओतायचं नाही, झाडू मारायचा नाही. पेटलेल्या मांजराला कोण कुठून मारतंय हे कळत नाही; त्याला एवढंच कळतं की चिंगी आली की मारही बसतो, आणि ती गाठ मनात पक्की होते. मधे काहीतरी आडवं सरकवा : पुठ्ठा, उशी, पाट, धान्य पाखडायचं सूप. एकमेकींना दिसेनाशा झाल्या की एक पळते. ती गेली त्या खोलीचं दार लावून घ्या. बाहेर राहिलेलीवर गरज पडली तर जाड चादर टाका आणि चादरीसकट दुसरीकडे सरकवा. मग दिवा मालवा, टीव्ही बंद करा आणि निघून जा. समजूत घालायला जवळ बसायचं नाही. ते खायला लागलं, अंग चाटायला लागलं, की समजा उतरतंय. मुलांना ही अट घालून द्या : शेपूट फुगलेल्या मांजराला मोठ्या माणसांनीही हात लावायचा नसतो.

खोली एकच असेल तर

परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं, दोन मांजरांना घराच्या दोन टोकांना ठेवा. आपल्याकडे घराला टोकं असतात का? दहा बाय दहाची खोली, पुढे पॅसेज, मागे मोरी. तरीही जमतं, आणि आमच्या कॉलनीला ते जमवण्याची पद्धत तोंडपाठ आहे. शिफ्ट लावायच्या.

सकाळी मनी खोलीत, चिंगी मोरीत किंवा जाळी लावलेल्या गॅलरीत, सावलीत, पाणी-खाणं-वाळूसकट. दुपारी बदली. मनी आत, चिंगी बाहेर. रात्री पुन्हा बदली. दार बंदच, गाठ पडू द्यायची नाही. यात जागेची सोय होते आणि त्याहून मोठं काम आपोआप होतं : प्रत्येकीला दुसरीच्या जागेत तिचा वास घेत काही तास काढावे लागतात, पण ती समोर नसते. वास आहे आणि धोका नाही. त्या मुलीच्या घरी हेच केलं. बाबांच्या शिफ्टप्रमाणे त्यांनी मांजरींचं वेळापत्रकच भिंतीवर लावलं.

दोन-तीन दिवसांनी, दोघी नीट खात असतील तर, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना बशा ठेवायच्या. आधी दारापासून लांब, मग रोज वीतभर जवळ. फिस्कारलं की कालच्या जागेवर परत. सोबत एक जुनं सुती फडकं घेऊन मनीच्या गालावर हळूच फिरवायचं आणि चिंगीच्या अंथरुणात ठेवायचं, तिचं इकडे. दाराला खेटून निवांत जेवायला लागल्या की दार दोन बोटं उघडं, दाराला मागून वीट लावून, म्हणजे झेप आली तरी फट वाढणार नाही. मग जाळीतून किंवा पडद्याआडून नजरभेट. मग खोलीत एकत्र पाच मिनिटं, भूक लागलेली असताना, दोन कोपऱ्यांत दोन बशा ठेवून. भांडण व्हायच्या आधी वेगळं करायचं. पुढच्या दिवशी दहा मिनिटं.

किती दिवस लागतील? लगेच वेगळं केलं असेल तर कधी दोन दिवसांत भागतं. आठवडाभर रोज भांडू दिलं असेल तर महिना धरून चाला. त्या घरी नवव्या दिवशी दोघी एका खोलीत झोपल्या, पण टोपली वेगळी. एका टोपल्यात यायला आणखी बरेच दिवस गेले. तोवर आईनं दोनदा विचारलं होतं, "आता सोडू का मोकळं?" घाई सगळ्यांनाच होते. तपासून पाहण्यासाठी म्हणून दोघींना समोरासमोर आणणं, हाच सगळ्यांत जास्त वेळा घडणारा घोटाळा.

आणि बोक्याचं काय? खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला जुनं वर्तमानपत्र चिकटवलं. बाहेर ओट्यावर टाकलं जाणारं उरलेलं अन्न बंद केलं. बोका चार दिवसांत दुसरीकडे वळला. खर्च शून्य.

जागा कमी, वाटण्या जास्त

मांजरं एका बशीत जेवताना दिसली की आपल्याला कौतुक वाटतं. त्यांना मात्र वाटून खायची हौस नसते. दुसरी जागा नाही म्हणून ती तिथं खातात. बशा वेगळ्या ठेवा, पाणी दोन ठिकाणी ठेवा. वाळूचे ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त असावेत असं पशुवैद्य सांगतात. दोन खोल्यांत तीन ट्रे कुठे ठेवणार, हे मलाही कळतं. निदान दोन, आणि दोन वेगळ्या कोपऱ्यांत. जमिनीवर जागा नसेल तर उंची वापरा. मांजराला फळी, कपाटाचा माथा, जिन्याची पायरी ही खोलीच वाटते. वरच्या जागेवरून उतरायला दोन वाटा ठेवा, म्हणजे कुणी कोंडलं जात नाही. किती मांजरं पाळावीत यालाही मर्यादा असते. पुण्यात हडपसरला २०२५ च्या सुरुवातीला एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या आसपास मांजरं आढळल्याची बातमी आपण वाचली. इतक्या गर्दीत कुठल्या मांजराला आपला कोपरा मिळणार?

सोडून येण्याबद्दल

बाजारात किंवा हॉटेलजवळ सोडलं की "तिथं खाईल बिचारं" असं आपण स्वतःला सांगतो. घरात वाढलेल्या मांजराला तिथल्या बोक्यांची हद्द माहीत नसते, रस्ता माहीत नसतो. काही मांजरं घराकडे परत यायला निघतात आणि नगर रोडसारखा रस्ता ओलांडताना जातात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. भूक-तहानेनं हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणं त्यात गुन्हा धरलं आहे. महिना-दोन महिने नीट प्रयत्न करूनही दोन मांजरं नांदत नाहीत, असं क्वचित होतं. तेव्हा ओळखीच्या घरी, सांगून-सवरून, लस देऊन एक मांजर द्यावं. त्यात कमीपणा नाही. एकटं राहणारं मांजर एकट्या घरात सुखी असतं.

वर्गात काय घेता येईल

ज्ञानेंद्रियांच्या पाठाला जोडून वासाचा खेळ घ्या. डोळे बांधून तुळस, चिंचेचा पाला, साबण, शेंगदाण्याचं कूट, ओली माती ओळखायला लावा. मग पाच मुलांचे रुमाल. आपला रुमाल नाकानं ओळखून दाखवा म्हटलं की वर्गात गोंधळ उडतो, आणि मांजराचं नाक काय करतं ते न सांगता कळतं.

दुसरी कृती लेखनाची. वहीच्या पानाला मधे रेघ मारायची. डावीकडे "काय दिसलं", उजवीकडे "मला काय वाटलं". मुलं घरच्या किंवा गल्लीतल्या मांजराकडे लांबून दहा मिनिटं पाहतात आणि लिहितात. पहिल्या दिवशी डावीकडे हमखास येतं : "मांजर रागावलं." ते खोडून उजवीकडे घ्यायला लावायचं. डावीकडे मग येतं : "कान मागे गेले. शेपूट जाड झाली. ते खिडकीकडे बघत होतं." भाषेच्या तासाला यातूनच क्रियापदं निघतात : फिस्कारणं, गुरगुरणं, दबा धरणं, झेपावणं, चाटणं, घासणं. मराठवाड्याच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या घरांत यांना वेगळे शब्द असतात, तेही फळ्यावर लिहून घ्या. आमच्या फळ्यावर अकरा जमले.

तुमच्या वर्गात आणखी मिळाले तर जरूर कळवा.